दृष्टी पालटली, सृष्टी पालटली
(श्रीसंत नामदेवमहाराजांचे चरित्र व त्यातील बोध)

श्रीसंतशिरोमणी नामदेवमहाराजांचे नाव ज्या घरात ठाऊक नाही असे एकही घर आपल्या ज्ञातीत सापडावयाचे नाही. लग्नपत्रिकेच्या माथ्यावर, दुकानाच्या पाटीवर, समाजमंदिराच्या भिंतीवर आणि शिवणाच्या यंत्राशेजारी टांगलेल्या तसबिरीत ते आपल्यासमोर नित्य उभे असतात. परंतु जी वस्तू नित्य डोळ्यांसमोर असते तिच्याकडे आपण नित्य पाहतोच असे नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने महाराजांचे चरित्र पुन्हा एकवार आठवावे आणि त्यातील एकच धागा उसवून पाहावा, असा ह्या अल्प लेखाचा हेतू आहे. तो धागा म्हणजे त्यांच्या दृष्टीत झालेला पालट.

दृष्टी तशी सृष्टी, असे आपण सहज बोलून जातो. पण ह्या साध्या म्हणीच्या पोटात फार मोठा प्रश्न दडलेला आहे. जग जसे आहे तसे आपल्याला दिसते, की आपण जसे पाहतो तसे ते आपल्यापुरते होते? थोर थोर तत्त्ववेत्त्यांनी ह्या प्रश्नावर ग्रंथ रचले. नामदेवरायांनी त्यावर स्वतंत्र ग्रंथ रचला नाही. तो प्रश्न त्यांच्या आयुष्यातच घडला, आणि त्याचे उत्तरही आयुष्यातच मिळाले.

आणखी एक कारण सांगितले पाहिजे. नामदेवांना गोरोबाकाकांनी कच्चे मडके ठरविले, ही कथा चरित्रातून व कीर्तनांतून वगळावी, तीमुळे आपल्या संताला उणेपणा येतो, असे आपल्यातील काही सज्जनांना वाटते. त्यांची भावना प्रेमाची आहे. परंतु माझ्या मते ती कथा वगळली तर चरित्राचा कणाच काढून टाकल्यासारखे होईल. असे का, ते पुढे दिसून येईल.

जन्म व बालपण

नामदेवांचा जन्म शके ११९२, म्हणजे इ. स. १२७० साली, कार्तिक शुद्ध एकादशीस झाला. पित्याचे नाव दामाशेटी, मातेचे गोणाई. उपनाव रेळेकर. मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी असलेले नरसी हे गाव त्यांच्या कुळाचे मूळ स्थान म्हणून प्रसिद्ध असून कित्येक अभ्यासक तेच जन्मस्थान मानतात. दुसरे कित्येक पंढरपूर मानतात. ह्या वादात आपणास शिरावयाचे नाही. त्यांचे सारे बालपण पंढरीत, श्रीविठ्ठलाच्या सावलीत गेले, याविषयी दुमत नाही. घरचा धंदा कापडाचा व शिवणकामाचा. घरची उपासना विठ्ठलाची.

बालपणीची नैवेद्याची कथा सर्वश्रुत आहे. दामाशेटी परगावी गेले असता नैवेद्य दाखविण्याचे काम बाळ नाम्याकडे आले. मुलाने ताट देवापुढे ठेविले आणि देव आता जेवेल म्हणून वाट पाहत बसला. देव जेवीना तेव्हा त्याने रडून आकांत मांडला व डोके आपटण्याची तयारी केली, आणि अखेर देवाने ताट रिकामे केले. घरी आईला हे खरे वाटले नाही. पुढे दामाशेटी परत आल्यावर त्यांच्यासमोर तसाच प्रकार घडला, असे चरित्रकार सांगतात.

ह्या कथेचा अर्थ लावताना आपण चमत्कारापाशी थांबतो. थोडे पुढे गेले पाहिजे. मोठी माणसेही रोज नैवेद्य दाखवीत होती; परंतु ताट जसेच्या तसे परत न्यावयाचे, हे त्यांनी मनाशी आधीच ठरवून ठेविलेले होते. मुलाने तसे काही ठरविलेले नव्हते. त्याच्या लेखी समोरची मूर्ती हा देवच होता, आणि भूक लागलेल्याने जेवावे यात त्याला नवल वाटत नव्हते. एकच गाभारा, एकच मूर्ती, एकच ताट. पण पाहणारे दोन प्रकारचे होते.

मात्र ह्याच बालपणात पुढील उणिवेचे बीजही होते. जो देव आपल्या हातचे जेवतो, आपल्याशी बोलतो, तो हाच. तो येथेच, ह्या विटेवरच. बाकीचे जग देवावाचून. लहान मुलाला हे शोभते. परंतु नामदेव मोठे झाले, त्यांच्या कीर्तनाची कीर्ती पसरली, तरी ही समजूत तशीच राहिली.

कच्चे मडके

शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरमहाराजांनी आळंदीस समाधी घेतली. त्यापूर्वीच्या काही वर्षांत ही सर्व संतमंडळी एकत्र आली होती. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई, तेर येथील गोरोबा कुंभार, अरणचे सावता माळी, पंढरीचे नरहरी सोनार, मंगळवेढ्याचे चोखोबा, अशी ती मांदियाळी. वयाने वडील म्हणून गोरोबांना सर्वजण काका म्हणत.

कथा अशी की, एकदा संतमेळाव्यात मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना विचारले की, आपण मडकी पारखता, तर येथे जमलेल्यांतील पक्की कोणती व कच्ची कोणती ते पाहून सांगावे. गोरोबांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या मस्तकावर मारून पाहू लागले. बाकीचे स्वस्थ बसले. नामदेवांची पाळी आली तेव्हा ते रागावले, चुळबुळ करू लागले. हे मडके कच्चे आहे, असा निवाडा गोरोबांनी दिला.

नामदेव तसेच उठून विठ्ठलाकडे गेले व आपला अपमान झाल्याची तक्रार त्यांनी मांडली. देवाने त्यांची बाजू घेतली नाही. गुरूवाचून तुझे ज्ञान अपुरे आहे, तू विसोबा खेचरांकडे जा, असे देवाने सांगितले. ज्याच्यावर सर्व भार टाकलेला, त्यानेच दुसऱ्याचे दार दाखविले.

नामदेवांत उणे काय होते? भक्तीत उणे नव्हते. वैराग्यात उणे नव्हते. उणीव होती ती पाहण्यात. आपला आणि देवाचा विशेष संबंध आहे, हा भाव इतका घट्ट झालेला होता की त्याच्या बाहेरचे सर्व परके झाले. थापटणे लागले ते त्या भावाला. चैतन्य सर्वत्र भरलेले आहे हे ज्याने अनुभवले, त्याला थापटणेही परके नाही आणि मारणाराही परका नाही.

विसोबांचे दर्शन

विसोबांची भेट औंढ्या नागनाथाच्या परिसरात झाली असे बहुतेक चरित्रांत आहे. नामदेव देवळात गेले तो काय दिसले? एक जीर्ण वृद्ध पुरुष शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेला. नामदेवांना संताप आला. हा कसला गुरू, देवाचीही ज्याला चाड नाही! त्यांनी पाय काढण्यास सांगितले. विसोबांनी शांतपणे उत्तर दिले की, मी वृद्ध झालो, अंगात त्राण नाही. जेथे पिंडी नसेल तेथे तूच माझे पाय उचलून ठेव.

नामदेवांनी पाय उचलून बाजूस ठेविले. तेथे पिंडी दिसली. दुसऱ्या बाजूस ठेविले; तेथेही पिंडी. जिकडे पाय न्यावेत तिकडे पिंडी. अखेर हातात गुरूचे पाय आणि ते टेकावयाला देवावाचून जागा नाही, अशा स्थितीत ते उभे राहिले. तेथेच त्यांचे डोळे उघडले.

ह्या प्रसंगाची फोड नीट केली पाहिजे, कारण येथेच वाचकाचा गोंधळ होण्याचा संभव आहे. नामदेवांनी पाय ठेविल्यामुळे तेथे देव उत्पन्न झाला काय? तसे नव्हे. देव तेथे आधीच होता. मग आजवर तो का दिसला नाही? नामदेवांच्या दृष्टीने एका जागेभोवती कुंपण घातले होते आणि कुंपणाबाहेर देव नाही असे गृहीत धरले होते. त्यांच्या पाहण्याने देव निर्माण केला नव्हता. देवाचा अभाव मात्र निर्माण केला होता. विसोबांनी तो अभाव काढून घेतला.

तत्त्वज्ञांचे विचार

आता थोडेसे शास्त्राकडे वळू. पाहणारा, पाहिलेली वस्तू आणि पाहणे ह्या तिघांना आपल्याकडे त्रिपुटी म्हणतात. ह्या तिघांचे परस्पर नाते काय, यावर आपल्या देशात फार प्राचीन काळापासून विचार झालेला आहे.

बौद्धांच्या विज्ञानवाद नावाच्या संप्रदायातील आचार्य वसुबंधू यांनी असे प्रतिपादन केले की, बाह्य वस्तू म्हणून जे भासते ते सर्व विज्ञानच, म्हणजे जाणीवच आहे. त्यांनी आपल्या वीस श्लोकांच्या प्रकरणात नेत्ररोग्याचा दाखला दिला आहे. तिमिर नावाचा रोग झालेल्याला डोळ्यांसमोर नसलेले केस दिसतात. ते त्याला खरेच दिसतात, पण बाहेर नसतात. शंकराचार्यांच्या अद्वैतमतात दोरीवर भासणारा साप प्रसिद्ध आहे. अंधारात साप दिसला, छातीत धडकी भरली, अंगाला घाम सुटला. दिवा आणल्यावर दोरी निघाली. भय मात्र खोटे नव्हते. योगवासिष्ठात तर मनाच्या संकल्पातून सबंध नगरे व युगे उभी राहिल्याच्या कथा आहेत. पुढे वेदान्तातच दृष्टिसृष्टिवाद नावाचे मत निघाले. दिसणे हेच असणे, पाहण्याहून वेगळी अशी सृष्टी नाही, असे त्याचे म्हणणे.

ह्या मतांचा रोख बहुधा असा की, दिसणारे जग हे भास आहे आणि डोळे उघडताच तो भास मावळावा. ज्ञानेश्वरमहाराज ह्याच्या पुढे गेले. अमृतानुभवात त्यांनी अज्ञानाचेच खंडन केले आहे. जग हा अज्ञानाने केलेला देखावा म्हणावा, तर चैतन्याच्या उजेडात अज्ञान उभे तरी कोठे राहील? म्हणून जग हे चैतन्याचाच विलास आहे, असा त्यांचा सिद्धान्त. चांगदेवांना लिहिलेल्या पासष्टीतही द्रष्टा, दृश्य व दर्शन ही तिन्ही मुळात एकच, हाच बोध केलेला आहे. सोने आणि सोन्याचा दागिना, पाणी आणि पाण्यावरील तरंग, तसे हे नाते.

नामदेव कोणत्या पक्षाचे, असे कोणी विचारले तर ते ह्या दुसऱ्या पक्षाचे, असे उत्तर द्यावे लागेल. विसोबांच्या भेटीनंतर त्यांचे जग मावळले नाही. उलट भरून आले. दोरीचा दृष्टान्त त्यांना पुरता लागू पडत नाही, कारण तेथे साप जाऊन नुसती दोरी उरते. येथे दगड जाऊन देव आला, आणि दगड दगडाच्या जागी राहिलाच.

ह्या पालटाची साक्ष देणारी श्वानाची कथा आहे. नामदेव जेवावयास बसले असता कुत्र्याने कोरडी भाकरी पळविली. पूर्वीचे नामदेव असते तर अन्न विटाळले म्हणाले असते. आता ते तुपाची वाटी घेऊन कुत्र्याच्या मागे धावले, कारण देव कोरडी भाकरी खात आहे हे त्यांना पाहवेना. बालपणी एका मूर्तीने जेवावे म्हणून ते रडले होते. प्रौढपणी तोच जेवणारा त्यांनी चार पायांवर पळताना ओळखला.

घरची विवंचना

येथे एखादा व्यवहारी वाचक विचारील की, दृष्टीनेच जर सृष्टी होते, तर भुकेल्याने पोट भरल्याची कल्पना करावी व स्वस्थ बसावे काय? प्रश्न रास्त आहे, आणि तो सर्वप्रथम नामदेवांच्या घरातच विचारला गेला. घरात वृद्ध आईबाप, पत्नी राजाई, नारा, विठा, गोंदा व म्हादा हे चार पुत्र, कन्या लिंबाई, बहीण आऊबाई आणि दासी जनाबाई एवढा परिवार. कर्ता पुरुष कीर्तनात रमलेला. धंद्याकडे लक्ष नाही. आपल्या मुलाला वेड लावल्याबद्दल गोणाई विठ्ठलाशी भांडते आणि राजाई आपले गाऱ्हाणे रखुमाईपुढे मांडते, अशी प्रकरणे गाथेत आहेत. संतांच्या गाथेत संतांच्या बायकामुलांची तक्रार जपून ठेविलेली आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. गोणाईचे दुःख हा भास आहे, असे नामदेवांनी म्हटल्याचे कोठे आढळत नाही.

ह्याच संदर्भात परिसाची कथा येते. परिसा भागवत नावाच्या गृहस्थाजवळ परीस होता. त्याच्या पत्नीने राजाईची दैना पाहून तो काही वेळापुरता तिला दिला. नामदेवांना कळताच त्यांनी तो चंद्रभागेत टाकून दिला. परिसा भागवत कासावीस होऊन आला, तेव्हा नामदेवांनी वाळवंटातील पाण्यातून ओंजळभर खडे काढून त्याच्यापुढे धरले आणि ह्यांतला तुझा ओळखून घे, असे सांगितले. पाहतो तो सर्वच परीस! परिसा भागवत तेथेच नामदेवांचा शिष्य झाला.

ही कथा पोट भरण्याचा उपाय सांगत नाही. दुसऱ्या दिवशी राजाईला पीठ कोठून आणावयाचे हा प्रश्न तसाच राहिला असेल. परंतु एका खड्याला अमोल व बाकीच्यांना कवडीमोल ठरविणारी जी आपली नजर, तिच्या मुळावरच ती घाव घालते. दृष्टी पालटल्याने भाकरी उत्पन्न होत नाही. भाकरी कोणाला द्यावी आणि कोणाला नाकारावी, हे ठरविणारे मोजमाप मात्र पालटते. माणसाच्या जगातील निम्मेअधिक दुःख ह्या मोजमापातूनच निर्माण होते.

देऊळ फिरले

हे मोजमाप नामदेवांच्या स्वतःच्या वाट्यालाही आले होते. देवळात कीर्तन करीत असता, हा हीन जातीचा म्हणून त्यांना उठवून बाहेर घालविण्यात आले. ते देवळाच्या मागील बाजूस जाऊन बसले व नाम घेऊ लागले, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्या सन्मुख झाले. ही कथा औंढ्या नागनाथाविषयी सांगतात. आदिग्रंथातील त्यांच्या एका पदात हा अनुभव त्यांनी स्वतः गायिला आहे आणि आपण छिपा, म्हणजे शिंपी, म्हणून अव्हेरले गेलो, हे लपविलेले नाही.

दारातल्या माणसांना गाणारा दिसला नाही, भक्त दिसला नाही. जात तेवढी दिसली. त्यांच्या दृष्टीने त्या देवळाची अशी सृष्टी केली होती की तिला पुढची आणि मागची बाजू होती. नामदेवांच्या लेखी देवाला पाठ नव्हतीच. मग ते जेथे बसले तीच पुढची बाजू झाली, यात नवल ते काय?

आपला धंदाही त्यांनी कधी लपविला नाही. गज, कातर, सुई आणि दोरा ह्यांचे रूपक करून त्यांनी पद रचले आहे. मापाचा गज, कापावयाची कातर आणि जोडावयाची सुई, ही तिन्ही हत्यारे एकाच हाताने चालविणारा कारागीर जोडण्याचे महत्त्व जाणतो.

चोखोबांच्या अस्थी

शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले आणि त्याखाली अनेक मजूर गाडले गेले. त्यांत चोखामेळा होते. काही काळ लोटल्यावर नामदेव त्यांच्या अस्थी आणावयास गेले. ढिगाऱ्यात अनेकांची हाडे एकत्र मिसळलेली. डोळ्यांना सर्व सारखीच. ओळखावी कशी? नामदेवांनी एकेक अस्थी कानाशी लावून पाहिली; जिच्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची. त्या अस्थी त्यांनी पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधिली.

हाडांना जात नसते, हे त्या ढिगाऱ्यापाशी कोणालाही दिसले असते. परंतु तेथे वाकून बसावयास जो गेला तो एक शिंपी, आणि त्या वेळी त्याचे वय सत्तरीकडे झुकलेले. चोखोबांना हयातीत देवळात पाऊल टाकता आले नाही. पुढे १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपुरास प्राणांतिक उपोषण केले तेव्हा त्यांच्या बांधवांना विठ्ठलमंदिराचे दार उघडले. १३३८ पासून १९४७ पर्यंत सहाशे नऊ वर्षे होतात. ज्या कानांनी नामदेवांनी ती अस्थी ऐकली, तसे कान समाजाला यावयास एवढा काळ लागला. दृष्टीने उभारलेली भिंत दगडामातीच्या गावकुसाहूनही टिकाऊ असते.

पंजाबातील वास्तव्य

ज्ञानदेवांसह केलेल्या तीर्थयात्रेचे वर्णन नामदेवांच्या तीर्थावळीत आहे. त्या यात्रेत नामदेव प्रथम पंढरी सोडावयास तयार नव्हते, विठ्ठलाच्या विरहाने व्याकूळ होत. पुढे तेच नामदेव उत्तरेस गेले आणि पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे परंपरेनुसार सुमारे वीस वर्षे राहिले. एक कोस दूर जाणे ज्याला सोसवत नव्हते, तो शेकडो कोस दूर परभाषेत जाऊन स्थिरावला. पंढरी त्याच्याबरोबरच गेली होती, म्हणूनच हे शक्य झाले.

तेथे त्यांनी त्या प्रांताच्या बोलीत पदे रचिली. मराठी अभंगांत विटेवरच्या सगुण रूपाचा लळा आहे. ह्या पदांत सर्वव्यापी निर्गुणाचा घोष आहे. विद्वानांनी ह्या भेदाची चर्चा पुष्कळ केली आहे. विसोबांचा प्रसंग ज्याने लक्षात ठेविला त्याला तो भेद विरोधी वाटणार नाही. शिखांचे पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी १६०४ साली सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत, आणि शीख बांधव त्यांना भगत नामदेव म्हणून वंदन करतात. एप्रिल २०१५ मध्ये अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली घुमान येथे भरले, तेव्हा ह्या नात्याची आठवण सर्व महाराष्ट्राला झाली.

पायरीचे स्थान

शके १२७२, म्हणजे इ. स. १३५० साली, आषाढ वद्य त्रयोदशीस, वयाच्या ऐंशीव्या वर्षी नामदेवांनी पंढरपूरच्या महाद्वारी समाधी घेतली. देवळात जाणाऱ्या संतांचे व भाविकांचे चरण आपल्यावर पडावेत, म्हणून त्यांनी पायरीची जागा मागून घेतली. तीच नामदेवांची पायरी. तिच्यासमोरच चोखोबांची समाधी आहे. आज भाविक त्या पायरीवर पाय न देता मस्तक टेकवितात.

येथे चरित्राची दोन टोके जुळतात. तरुणपणी देवावर कोणाचे पाय असावेत हे नामदेवांना सहन झाले नाही. वृद्धपणी त्यांनी स्वतःवरच सर्वांचे पाय मागून घेतले. पाय तेच आणि दगडही तोच. ह्या दोहोंमध्ये केवळ पाहणारा पालटला. थापटणे लागताच रागावणारे ते मस्तक कोणाच्याही पावलाखाली निश्चिंत राहावयास सिद्ध झाले. कच्चे मडके पक्के झाल्याची ह्याहून दुसरी खूण कोणती असणार? म्हणून म्हणतो, ती कथा वगळू नये. ज्याने आधीचा कच्चेपणा झाकला, त्याला नंतरच्या पायरीचा अर्थ कळणार नाही. मूळचेच परिपूर्ण असलेले पुरुष आपल्याला वंदनीय असतील; परंतु जो कच्चा होता आणि पक्का झाला, तोच आपल्यासारख्या प्रापंचिकांना वाट दाखवू शकतो.

त्यांच्यामागे कीर्तनाची परंपरा राहिली. महीपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या भक्तिविजयात त्यांचे चरित्र विस्ताराने आले. त्याआधी सतराव्या शतकात तुकाराममहाराजांना स्वप्नात पांडुरंगासह नामदेवांचे दर्शन झाले व कवित्वाची आज्ञा झाली, हे वारकऱ्यांना ठाऊकच आहे. देहूच्या एका वाण्याला पंढरीच्या शिंप्याने आपले अपुरे राहिलेले काम सोपविले. दोघांच्या आड जात आली नाही.

आपले कर्तव्य

आता शेवटी स्वतःकडे वळले पाहिजे. ज्ञातिसंस्था असावी, मुलांना शिष्यवृत्ती मिळावी, विवाह जुळावेत, अडल्यानडल्यास आधार असावा, हे सर्व इष्टच आहे. परंतु नामदेवमहाराज आमचे, असे म्हणताना आपल्या नकळत एक कुंपण उभे राहते. नामदेव शिंप्यांचे, सावतोबा माळ्यांचे, गोरोबा कुंभारांचे, नरहरी सोनारांचे आणि चोखोबा महारांचे, अशी वाटणी केली की ज्या मेळाव्यात हे सर्व एका पंगतीस बसले होते तो मेळावाच मोडतो. देव एका विटेवर आहे, अन्यत्र नाही, ही जी नामदेवांची जुनी समजूत विसोबांनी काढून टाकली, तीच आपण नामदेवांविषयी पुन्हा उभी करतो. मग आपण त्यांच्या कोणत्या दिवसांचे अनुयायी ठरलो? विसोबांच्या भेटीपूर्वीच्या की नंतरच्या?

यासाठी एक साधी सूचना कराविशी वाटते. पुण्यतिथीच्या उत्सवात आपण नामदेवांची प्रतिमा पूजितो, त्या शेजारी चोखोबांचीही प्रतिमा असावी, आणि प्रसादाच्या पंगतीस आळीतील सर्व ज्ञातींना बोलवावे. काही गावी असे होतही असेल. जेथे होत नसेल तेथे आरंभ करावा. खर्च फार नाही, आणि तर्कशास्त्राची गरज तर मुळीच नाही. दृष्टिसृष्टिवाद समजण्यास पंडित लागतो. पंगतीतल्या शेजाऱ्याच्या पानावर तूप वाढावयास पंडित लागत नाही. तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण तसबिरीत पाहत आलो आहोत. ती वाटी हाती घेण्याची सद्बुद्धी श्रीपांडुरंग आपणा सर्वांस देवो, एवढीच त्याच्या चरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.

इत्यलम्. श्रीपांडुरंगार्पणमस्तु.